करंगळी

"लाख वितळली नाही ना? बघ एकदा," सातारच्या स्टँडवर उतरल्याउतरल्या सर म्हणाले.

मी पिशवीत हात घालून पाकीट चाचपलं. "लाख आहे जागच्या जागी. आंबे तेवढे वितळलेत."

पाकिटात प्रश्नपत्रिका होती. रेवा तेव्हा आठ वर्षांची, निनादला सहावं लागलेलं, आणि या दोघांची परीक्षा घ्यायला त्यांचे सख्खे आजोबा लाखेनं सील केलेली प्रश्नपत्रिका घेऊन बार्शीहून आले होते. प्रश्न काढले त्यांनी, सील लावलं त्यांनी आणि फोडणारही तेच. निघताना मी विचारलं होतं, "अहो, हे तुम्ही नक्की कुणापासून लपवताय?"

"पद्धत म्हणून काही असतं, इंदू," ते म्हणाले होते.

सर म्हणजे माझा नवरा. पहिली ते सातवीच्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. सगळं गाव त्यांना सर म्हणतं, तेव्हा माझ्याही तोंडात तेच बसलं. भास्कर घनवट हे नाव फक्त पेन्शनच्या कागदावर आणि माझ्या उखाण्यात. आमची एकुलती एक वृंदा, तीही त्यांना सरच म्हणते. बाहेरच्यांना त्याची गंमत वाटायची, सरांना अभिमान.

माझं म्हणाल तर मी गावातल्या महिला पतसंस्थेची खजिनदार. बाई समोर येऊन बसली की चहा यायच्या आत मला कळतं, ही फेडणार की बुडवणार. सर याला अवगुण म्हणतात. पण कुणाला जामीन राहायची वेळ आली की हळूच विचारतात, "तुला काय वाटतं गं?"

तर माझ्या हिशेबात त्या वर्षी एकच खातं जुळत नव्हतं, ते वृंदाचं. ती साताऱ्यात एका शाळेत शिकवायची. बरं चाललं होतं. दोन्ही मुलं त्याच शाळेत, निनाद तर तिच्याच वर्गात. आणि माघात एके दिवशी तिनं राजीनामा दिला, मुलांची नावं काढली आणि त्यांना घरीच शिकवायला लागली. का, ते विचारणाऱ्या प्रत्येकाला तिनं उत्तर दिलं. अडचण एवढीच की प्रत्येकाला वेगळं दिलं.

तिच्या सासूबाईंना सांगितलं, निनादला सारखी सर्दी होते, वर्गात पंख्याखाली बसवतात. शेजारच्या कदमकाकूंना सांगितलं, फी झेपत नाही. दुसऱ्याची ओढाताण ऐकली की काकूंना दोन घास जास्त जातात. चुलतजावेला सांगितलं, इंग्रजी की मराठी ते आमचं ठरत नाही. सरांना सांगितलं, "सर, हा एक शैक्षणिक प्रयोग आहे." प्रयोग म्हटलं की सर निदान पहिला धक्का सोसतात, हे तिला ठाऊक. ज्याला जे पचेल ते त्याच्या ताटात वाढलं. माझीच मुलगी!

मला काय वाढलं? "आई, सकाळी उठून डबे करायचा कंटाळा येतो गं."

पहाटे पाचला उठून अंगणात सडा घालणारी ही मुलगी. नाणं खोटं आहे हे मला आवाजावरूनच कळलं. पण मी गप्प बसले. एवढी खोटी नाणी कुणी हौसेनं पाडत नाही. खरं कुठंतरी नीट जपून ठेवलेलं असतं म्हणून तर ही खटपट.

सरांना मात्र गप्प बसवेना. पुतण्याच्या लग्नात एका व्याह्यानं भर पंगतीत विचारलं, "काय सर, हजारो पोरं शिकवलीत आणि नातवंडं घरी? हलवायाच्या घरी साखरेची बंदी?" सर जिलबी तशीच टाकून उठले. घरी आल्याआल्या फोन लावला.

"वृंदा, मी येतो आणि मुलांची परीक्षा घेतो. नापास झाली तर जूनमध्ये दोघं शाळेत. झांबरेच्या शाळेत दोन जागा ठेवायला सांगितल्यात. तुझ्यासाठीही शिक्षिकेची जागा आहे. तिघं एकत्र जाल, एकत्र याल. पास झाली तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

मग वृंदा म्हणाली, "चालेल, सर."

झांबरे म्हणजे सरांचा जुना विद्यार्थी. आता साताऱ्यात मुख्याध्यापक होता, आणि परीक्षेच्या दिवशी चार वाजता प्रवेशाचे कागद घेऊन घरीच येणार होता. म्हणजे सरांनी निकाल आधीच लावून टाकला होता. परीक्षा आपली पद्धत म्हणून!

वृंदाच्या दारात पोचलो तर मुलं फाटकावर उभी. रेवानं पिशवीतून पाकीट ओढून काढलं, सील पाहिलं आणि किंचाळली, "आई, खरीखुरी परीक्षा आहे! लाखेची!" निनाद अंगणभर गोल गोल धावला. मला वाटलं होतं मुलं घाबरलेली असतील. ही तर जत्रेला निघाल्यासारखी. घाबरली होती ती वृंदा. तिनं मला वाकून नमस्कार केला तेव्हा तिचे हात गार होते, आणि मे महिना चालू होता.

"प्रवास कसा झाला, सर?"

"ठीक. वेळापत्रक काय आहे?"

"आधी जेवण. आमरस केलाय."

मी मनात तिला शाबासकी दिली. दोन वाट्या आमरस आणि वर तूप घेतलेला परीक्षक निम्मा झोपेत असतो. सरांनी तीन घेतल्या. तरी डोळे टक्क उघडे. माझा जावई मंदार, त्याचं मोटारी रिवाइंड करायचं वर्कशॉप आहे, तोही त्या दिवशी दुपारीच शटर ओढून घरी आला होता. मॅच बघायला आल्यासारखा उंबऱ्यावर बसला. कुंपणाच्या भिंतीपलीकडं कदमकाकू उन्हात सांडगे राखत होत्या. सांडगे केव्हाच वाळले होते.

जेवणानंतर मी हात धुवायला मागं गेले तर निनाद मागोमाग. "आजी, बाथरूमची कडी लागत नाही. आत गेल्यावर गाणं म्हणायचं. म्हणजे बाहेरच्याला कळतं."

"आणि गाणं येत नसेल तर?"

"सगळ्यांना एक तरी येतंच," तो म्हणाला.

बाहेरच्या खोलीत सतरंजी घातली होती. भिंतीला फळा. सरांनी पाकीट वर धरून सील सगळ्यांना दाखवलं, फोडलं आणि घसा साफ केला.

"थांबा आजोबा," रेवा म्हणाली. "आधी नियम."

"नियम मी सांगतो."

"ते तुमचे. हे घराचे. जो प्रश्न विचारतो, त्याला पण प्रश्न विचारायचा. एक त्याचा, एक आपला. बरोबर आलं की एक मार्क. 'माहीत नाही' म्हटलं तर अर्धा. आणि माहीत नसताना ठोकून दिलं तर शून्य."

"'माहीत नाही'ला अर्धा मार्क?" सर चकित झाले. "का म्हणून?"

"कारण ते खरं असतं."

सरांनी वृंदाकडे पाहिलं. वृंदा फळ्यापाशी खडू घेऊन उभी. "घराचा नियम आहे, सर."

"परीक्षकाला प्रश्न," सर पुटपुटले. पण दारात जावई, भिंतीवर कदमकाकू. माघार कशी घेणार? "ठीक आहे. ज्याचे मार्क जास्त तो जिंकला. मुलं हरली तर झांबरे. मान्य?"

"मान्य!" मुलं ओरडली. वृंदानं फळ्यावर दोन रकाने आखले, तेव्हा खडू तुटला.

सरांनी रेवाला उतारा वाचायला दिला. तिनं खाडखाड वाचला, स्वल्पविरामाला थांबली, प्रश्नचिन्हाला आवाज चढवला. मार्क. सरांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण त्यांनी ते दाबलं.

"आता माझा," रेवा म्हणाली. "मांजर पाणी पिताना जीभ पुढं वळवतं की मागं?"

"पुढं. चमच्यासारखी."

"चूक! मागं वळवतं, हनुवटीकडं. आम्ही पालथं पडून बघितलंय."

"शून्य," मंदार उंबऱ्यावरून म्हणाला आणि सरांनी बघताच चपला नीट लावू लागला.

"निनाद, सात आणि आठ किती?"

निनादनं कोपऱ्यात ठेवलेल्या आंब्याच्या कोयींकडं धाव घेतली.

"कोयी चालणार नाहीत," सर म्हणाले. "मनात कर."

"मनात कोयी चालतील?"

निनादनं डोळे मिटले, ओठ हलवत एकेक कोय मनात मांडली, आणि एकदम ओरडला, "पंधरा! आणि एक कोय केसाळ होती!"

मी टाळी वाजवली. सरांनी डोळे वटारले. मी टाळीचा हात डोक्यावरच्या पदराकडं नेला.

"आता माझा प्रश्न," निनाद म्हणाला. "तुमच्या एसटीच्या ड्रायव्हरकाकांचं नाव काय?"

"हे कशाला माहीत असायला हवं?"

"त्यांनी तुम्हाला इथपर्यंत आणलं ना?"

मला माहीत होतं. अर्धी वाट मी पुढच्या सीटवरून त्यांच्याशी बोलत होते. त्यांच्या मुलीचं दुसरं बाळंतपण तोंडावर आलं होतं. सर अडलेले मला बघवत नाहीत, ही जुनी खोड. मी पदराआडून हळूच म्हटलं, "बनसोडे."

"बनसोडे," सर म्हणाले.

"कॉपी! कॉपी!" रेवा उठून उड्या मारायला लागली. "आजीनं सांगितलं! मी ऐकलं!"

भिंतीपलीकडं कदमकाकू इतक्या जोरात हसल्या की सांडग्यांवरचे कावळे उडाले. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. सबंध नोकरीत त्यांनी पोरांच्या बाह्यांतून, पट्टीच्या मागून, वेणीतल्या रिबिनीतून कॉप्या काढल्या होत्या. आणि आज बायकोनं त्यांना कॉपीत पकडून दिलं.

"त्या प्रश्नाचा मार्क धरू नका," ते कष्टानं म्हणाले. "आणि हिला तिकडं तोंड करून बसवा."

मला भिंतीकडं तोंड करून बसवण्यात आलं. नंतरची मॅच मी निम्मी कानांनीच बघितली, आणि खरं सांगते, इतकी मजा मला कुठल्याच परीक्षेत आली नाही. सर विचारत होते, मुलं उत्तरं देत होती, पुन्हा उलट विचारत होती. तेराचा पाढा रेवाला येत नव्हता, तिनं छाती काढून सांगितलं, "माहीत नाही." अर्धा. उपराजधानी तिला आली. निनादला वार आले, महिने आले नाहीत. त्यानं चैत्रानंतर थेट दिवाळी घेतली. सर मात्र एकदाही 'माहीत नाही' म्हणेनात. मुंगी झोपते का? "झोपत नाही." शून्य. चिंचेची पानं संध्याकाळी काय करतात? "काही करत नाहीत." शून्य. प्रत्येक वेळी अर्धा मार्क पायाशी पडलेला आणि हा माणूस वाकायला तयार नाही. माझ्या पतसंस्थेत असे लोक येतात. बुडतील, पण मुदतवाढ मागणार नाहीत.

मग रेवानं विचारलं, "तुम्ही लहान असताना शाई कुठून आणायचे?"

आणि सरांचा आवाज बदलला. मी भिंतीकडं तोंड करूनही मला कळलं. ते सांगू लागले, निळी वडी कशी मिळायची, ती बाटलीत घालून कशी हलवायची, बाटली दप्तरात सांडली की सगळी पुस्तकं कशी निळी व्हायची, आणि एकदा जेवताना भाकरीला निळी बोटं लागली म्हणून आई कशी ओरडली. मुलं सरकत सरकत त्यांच्या मांडीला टेकली. निनादनं विचारलं, भाकरी खाल्ली का मग? "खाल्ली की! जीभ दोन दिवस निळी!" मुलं खदखदून हसली. सरही हसले. मी मान वळवून बघितलं, वृंदा फळ्याला टेकून वडिलांकडं पाहत होती, जणू हा गृहस्थ तिनं आधी कुठं पाहिला नव्हता.

त्यानंतर सर सुटले. बैलाच्या खुराला नाल कशी ठोकतात, आलं. पतंगाचा मांजा कसा सुततात, आलं. बघता बघता दोन्ही रकाने बरोबरीला आले. घड्याळात चार वाजायला आले होते.

"शेवटचा प्रश्न," मंदार म्हणाला. "मुलांचे सगळे झाले. आता निनादनं आजोबांना विचारायचा. आजोबांना आला तर आजोबा जिंकले."

कदमकाकू आता भिंतीवर कोपर टेकून उघड उघड उभ्या होत्या. मी आपणहून वळून बसले. मला कुणी हटकलं नाही.

रेवानं निनादच्या कानात काहीतरी सांगितलं. अवघड विचार, असं असणार. निनादनं मान हलवली. त्याचा प्रश्न ठरलेला होता.

"आजोबा, तुम्ही आईचे बाबा ना?"

"हा प्रश्न आहे?"

"नाही. प्रश्न पुढं आहे. मग आई तुम्हाला सर का म्हणते?"

सरांचा चेहरा उजळला. हा तर हातचा मार्क. ते ताठ बसले.

"त्याचं असं आहे, बाळा. तुझी आई माझ्याच शाळेत होती, माझ्याच वर्गात. वर्गात सगळी मुलं सारखी. मुख्याध्यापकांची मुलगी म्हणून तिला सवलत मिळाली असं कुणी म्हणता कामा नये. म्हणून पहिल्या दिवशी मी तिला सांगितलं, शाळेत मला सर म्हणायचं. मी तुला घनवट म्हणणार. आणि घरी एक, शाळेत एक असं केलं की जीभ चुकते, म्हणून घरीही सरच. ती एकदाही चुकली नाही. एकदाही नाही."

"बरोबर," रेवा हळूच म्हणाली. नियम म्हणजे नियम. "एक मार्क."

वृंदानं फळ्यावर रेघ ओढली. सर जिंकले होते.

मी मुलांकडं पाहिलं. रेवा सतरंजीचे दोरे उपटत होती. निनादनं आजोबांची बाही ओढली. "म्हणजे आता झांबरेसरांच्या शाळेत जायचं?"

"चांगली शाळा आहे," सर त्याच्या पाठीवर हात ठेवत म्हणाले. "आणि आई पण तिथंच असणार. तुझ्याबरोबर."

हे ऐकल्यावर निनादनं भोकाडच पसरलं. "म्हणजे मला परत मॅडम म्हणायला लागणार! मला नाही म्हणायचं मॅडम! मला आई पाहिजे!"

"निनाद," वृंदा म्हणाली. "बास."

"कसली मॅडम?" सरांनी विचारलं.

तेव्हा रेवानं सांगितलं, खाली बघत.

"हा आईच्या वर्गात होता ना. तिथं आईला मॅडम म्हणायला लागायचं. मग हा घरी पण मॅडम म्हणायला लागला. एकदा आई पोळ्या करत होती. हा स्वयंपाकघराच्या दारात करंगळी वर करून उभा राहिला. 'मॅडम, जाऊ?' आईनं बघितलंच नाही. ती पोळी भाजत होती. हा नुसता उभा, करंगळी वर. मग ह्यानं तिथंच..."

"सांगू नको!" निनाद ओरडला.

"...तिथंच केली. आणि म्हणाला, 'सॉरी मॅडम.' आई खूप रडली. तवा जळला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही शाळेत गेलो नाही."

सर्दी, फी, इंग्रजी, प्रयोग, डबे. माझ्या मनातली सगळी खोटी नाणी एकदम खणखणून खाली पडली. आणि मला हेही कळलं की हे खरं नाणं तिनं कुणापासून लपवलं होतं, आणि कुणाला लागू नये म्हणून.

सरांना कळायला थोडा वेळ लागला. हुशार माणसाला लागतोच. आधी ते निनादकडं बघत होते, मग स्वयंपाकघराच्या दाराकडं, मग वृंदाकडं.

"घनवट," ते म्हणाले, आणि थांबले. "वृंदा. तू कधी... माझ्यासमोर?"

वृंदानं खडू खाली ठेवला. हात पदराला पुसले.

"एकदाच. दुसरीत होते. आई माहेरी गेली होती. फ्रॉक मीच धुवून वाळत घातला."

"मी होतो घरी?"

"तुम्ही पेपर तपासत होतात, सर."

तेवढ्यात फाटक वाजलं. स्कूटर लावून, बगलेत फाइल धरून झांबरे आत आला. पन्नाशीला आलेला, पोट सुटलेला माणूस, पण सरांना बघताच दारातच टाचा जुळवून उभा राहिला.

"नमस्कार सर! नमस्कार काकू! मुलं झाली तयार? जागा ठेवल्यात बरं का, तिन्ही. लोक रांगा लावून आहेत, पण म्हटलं सरांचा शब्द."

"झांबरे," सर म्हणाले. "त्या जागा देऊन टाक."

"देऊन टाकू? कुणाला, सर?"

सरांनी डोळे मिटले, उघडले.

"माहीत नाही," ते म्हणाले.

"अर्धा मार्क!" रेवाच्या तोंडून सवयीनं निघालं. मग तिनं फळ्याकडं पाहिलं आणि तिचं तोंड पडलं. "पण त्यानं तुम्ही आणखीनच जिंकता, आजोबा."

"नाही," सर म्हणाले. "माझा पेपर रद्द. मधे कॉपी करताना सापडलो होतो. कॉपी सापडली की सगळा पेपर रद्द होतो, झांबरे, बरोबर ना?"

"होय सर," झांबरे गोंधळून म्हणाला. "तुम्हीच माझा केला होतात."

"मग? नियम म्हणजे नियम. मुलं जिंकली."

एका क्षणात घरभर जो कल्ला उठला! निनाद रडता रडताच नाचायला लागला, रेवानं झांबरेचीच फाइल घेऊन ढोलासारखी बडवली, मंदारनं उंबऱ्यावरून शिट्टी मारली, आणि कदमकाकू भिंतीवरून ओरडल्या, "काय झालं? कोण पास झालं?" मी ओरडले, "सगळे!" झांबरेला कुणी बसायलाही सांगितलं नाही, तो बिचारा जुळवलेल्या टाचांनी हसत उभा होता.

सर मात्र सतरंजीवरून उठले होते. त्या गोंधळात ते सावकाश वृंदासमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी उजवा हात खांद्यापर्यंत वर केला, चार बोटं मिटली आणि करंगळी उभी धरली.

ज्यानं ज्यानं ते पाहिलं, तो तो गप्प झाला. शेवटी निनादसुद्धा.

वृंदा त्या करंगळीकडं बघत राहिली. मग तिनं हात पुढं करून ती आपल्या मुठीत धरली आणि खाली घेतली.

"घरात विचारायचं नसतं, बाबा," ती म्हणाली.

सरांनी मान हलवली आणि मागच्या दाराकडं वळले. बाथरूमचं दार लागलं. आतून काही ऐकू येईना.

"आजोबा, कडी लागत नाही!" निनाद ओरडला. "गाणं म्हणा!"

तरी काही नाही. मग, आयुष्यात कधीही न गायलेल्या माणसाचा आवाज आला, ओला आणि मोठा.

"बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा. बे चोक..."

तिथं तो अडखळला. सबंध गावाला पाढे शिकवलेला माणूस आठवर अडखळला.

वृंदा जाऊन दाराला पाठ लावून खाली बसली.

"आठ," ती म्हणाली. "बे पाचे दहा."

आणि आतून तिच्या मागोमाग, शहाण्या मुलासारखं, आलं, "बे पाचे दहा."